बाईचा डावा, पुरुषाचा उजवा

आमच्या डहाणूच्या दवाखान्यात प्रेशर मोजायची एक रीत होती. नाव पुकारलं की कंपाउंडरकाकांच्या टेबलापाशी जायचं, स्टुलावर बसायचं आणि हात पुढे करायचा. कुठला हात, हे आपण ठरवायचं नाही. काका आधी बघायचे, बाई आहे की बाप्या. बाई असली तर डावा, बाप्या असला तर उजवा. कुणी चुकून दुसरा हात पुढे केला तर पट्ट्यानेच त्यावर हलकी चापट मारायचे.

“बाईचा डावा, पुरुषाचा उजवा. एवढं पण ठाऊक नाय?”

ठाऊक सगळ्यांना होतं. नाडी बघणारे असंच बघतात, हात बघून भविष्य सांगणारेही असंच बघतात. काकांचे वडील नाडी बघायचे, तिथूनच ते आलं असणार. नाडीतलं मला कळत नाही, त्यावर मी बोलत नाही. पण नाडीचा नियम रबरी पट्ट्याला कुणी लावला आणि आतल्या खोलीत बसलेल्या डॉक्टरांनी तो वर्षानुवर्षं चालू कसा दिला, हे मी तेव्हाही विचारत होते आणि आजही विचारते. कारण या एका वाक्यामुळे आमच्या घरातलं एक माणूस जाता जाता राहिलं.

ते माणूस म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई.

आमचं घर चिकूच्या वाडीत. दोन भाऊ, दोन चुली होत्या, पुढे एक झाली. मी तलासरीला एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला, सकाळच्या एसटीने जायची ते संध्याकाळी यायची. घर, वाडी, पाहुणे, चिकूच्या फोडी वाळवणं, सगळं जाऊबाईंच्या अंगावर. आणि त्या डावऱ्या. भाकरी डाव्या हाताने थापायच्या, कोयता डाव्या हाताने चालवायच्या, नारळ डाव्या हाताने खवायच्या. सासूबाई होत्या तोवर त्यांना रोज काहीतरी ऐकून घ्यावं लागे. “डावा हात पुढे करू नको, वाढायला उजवा घे, प्रसादाला उजवा घे, देवाला तरी लाज.” आणि याच सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “मी सुनांमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही हो.” जाऊबाई माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या आणि उजव्या हाताने चहा पुढे करायच्या. सगळा मान उजव्या हाताला आणि सगळं काम डाव्याला, अशी त्यांची वाटणी आयुष्यभर चालली.

दोन हजार चौदाच्या आसपास शेजारच्या आगर गावाला एक तपासणी शिबिर झालं. मासळी आणायला गेल्या होत्या, त्या ओघात त्याही रांगेत बसल्या. तिथे कुणी बाई-बाप्या बघितलं नाही. टेबल ज्या बाजूला होतं त्या बाजूचा हात घेतला, आणि तो उजवा होता. प्रेशर चांगलंच वाढलेलं निघालं. गोळी लिहून दिली आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं.

आपल्या डॉक्टरांना दाखवलं. काकांनी डाव्या हाताला पट्टा बांधला. नॉर्मल.

“शिबिरवाल्यांची मशीनं बोगस असतात,” डॉक्टर म्हणाले. तरी गोळी लगेच बंद करू नका, चालू ठेवू, बघू. त्यांनी बघितलं म्हणजे दर महिन्याला काकांनी डाव्या हाताला पट्टा बांधला, आकडा नॉर्मल आला आणि डॉक्टर खूश झाले. गोळी लागू पडतेय म्हणाले.

त्याच सुमारास जाऊबाई एक वेगळीच तक्रार करू लागल्या. नारळ खवायला बसल्या की अर्ध्यात थांबायच्या, हात झटकायच्या, मूठ वळून बघायच्या.

“काय होतं?” मी विचारलं.

“हाताला भूक लागते.”

“म्हणजे?”

“अगं, भूक लागल्यावर पोटात कसं रिकामं होतं, तसं हातात होतं. सगळा जोर निघून जातो. जरा बसलं की परत येतो.”

हात गारही पडायचा, डावाच. आणि काम रेटून नेलं की चक्कर यायची. मी यादी करणारी बाई आहे. किराणा असो की मुलांच्या परीक्षा, आधी लिहून काढते. तशी मी जाऊबाईंच्या तक्रारी एका कागदावर क्रमाने लिहिल्या. डावा हात भरून येतो, काम केल्यावरच येतो, हात गार पडतो, त्याच वेळी चक्कर येते. कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. उलटा करून त्यावर पेन ठेवलं.

“वहिनी, तुम्ही शाळेतल्या. माझी परीक्षा घेताय का?”

मग जाऊबाईंकडे वळून प्रश्न. उपास करता का? झोप लागते का? सुनेशी पटतं का? सून तेव्हा घरात यायचीच होती. वय सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, जणू वय ऐकताच सगळं कळलं. मणक्याचं आहे म्हणाले, वयाचं आहे, टेन्शनचं आहे. बाईची तक्रार म्हटली की या तीन खुंट्या ठरलेल्या, कुठलीही घ्या आणि तिला अडकवा. चक्कर कशाने? तर प्रेशर कमी होतंय. डाव्या हाताचा आकडा होताच पुराव्याला. त्यांनी गोळी अर्धी केली. आणि वर सांगितलं, चक्कर आली की लिंबू, साखर, मीठ घालून पाणी द्यायचं. मीठ जरा जास्त.

माझे मोठे दीर शब्दाला पक्के. बायकोची चक्कर म्हटली की ते हातातलं काम टाकून पाणी ढवळायला लागायचे. मीठ जरा जास्त. हे पुढे वर्षभर चाललं. ज्या बाईच्या रक्तवाहिन्या आतून दाबाने ताणल्या जात होत्या, तिला आम्ही घरातली सगळी माणसं प्रेमाने मीठ पाजत होतो. वैद्यकीय सल्ल्याने. आजही कुणी लिंबूपाणी पुढे केलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सकाळी डोकं ठणकायचं, त्याला बाम. जिना चढताना धाप लागायची, त्याला “वजन कमी करा.” असं करता करता एका सकाळी त्या विळीवर नारळ खवत असताना पुढे झुकल्या आणि तशाच झुकत गेल्या. मी रविवार म्हणून घरात होते. खांदा धरून मागे ओढलं. विळीचं पातं त्यांच्या गळ्यापासून वीतभरही लांब नव्हतं. शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं काय म्हणाल्या? “नारळ सांडला का गं?”

दुसऱ्याच दिवशी तलासरीच्या मेडिकलमधून मी बटण दाबलं की चालणारं मशीन घेतलं. कुठल्या दवाखान्याचा भरवसा नको, आपण घरी मोजू, इतकाच हिशेब. घरी आले तेव्हा जाऊबाईंचा डावा हात उकडीत होता. तांदळाच्या भाकरीची उकड मळत होत्या. म्हणाल्या, “हात धुवत बसू का आता? हा घे.” आणि उजवा पुढे केला.

वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.

“तुझं मशीन पण बोगस,” त्या हसून म्हणाल्या. “आगरवाल्यांच्या गाडीतून पडलेलं दिसतंय.”

दोन-तीन दिवस तेच. मी संध्याकाळी यायची, त्यांचा डावा हात पिठात असायचा, उजवा मिळायचा, आकडा वरच. मी मशीन परत घेऊन मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने ते स्वतःला लावलं, गिऱ्हाईकाला लावलं, मला लावलं. आम्ही सगळे ठीक.

“मशीनला काय पण झालेलं नाय, ताई.”

एसटीत खिडकीपाशी बसून मी विचार केला. शिबिराचं मशीन बोगस ठरलं, हे मशीन बोगस ठरत नाही, दवाखान्याचं मशीन तर म्हणे देवाचं. मग बदलतंय काय? बाई तीच. आणि मग मला जाऊबाईंचा पिठातला हात दिसला. मशीनं आम्ही बदलत होतो, हात कुणी बदलला नव्हता.

घरी गेल्या गेल्या त्यांना खाटेवर बसवलं, जरा शांत होऊ दिलं. उजवा मोजला, एकशे बहात्तर. डावा मोजला, एकशे सोळा. परत उजवा, परत डावा. तेच. दीर पाण्याचा पेला घेऊन उभे होते, मीठ घातलेला. मी तो त्यांच्या हातातून घेऊन मोरीत ओतला.

“अगं, डॉक्टरांनी सांगितलंय!”

“भावजी, डॉक्टरांनी अर्धी बाई तपासलीय.”

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि दवाखान्यात गेलो. मी दोन्ही आकडे सांगितले. डॉक्टर हसले.

“दोन हातांत थोडा फरक असतोच, वहिनी. पाच-दहाचा. त्याच्यात डोकं घालू नका. आणि ते घरातलं मशीन कपाटात ठेवा, त्याने टेन्शन वाढतं.”

“पाच-दहाचा नाही. पन्नासच्या वर आहे. तुमच्याच मशीनवर बघा. उजव्या हाताला.”

काकांना आत बोलावलं. काका डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

“उजवा, काका,” मी म्हटलं.

“बाईमाणसाचा उजवा मी माझ्या हयातीत घेतला नाय.”

“आज घ्या.”

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मानेने खूण केली. काकांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत फुगवला. पारा उतरताना त्यांचा चेहरा मी बघत होते. आकडा सांगताना आवाज इतका खाली आला की डॉक्टरांना परत विचारावं लागलं.

“घाबरल्या असतील,” डॉक्टर म्हणाले. “होतं असं. पांढरा कोट बघून प्रेशर वाढतं.”

“पांढरा कोट डाव्या हाताला दिसत नाही वाटतं?”

जाऊबाईंना हसू आलं. मला आलं नाही. डॉक्टरांनाही नाही. त्यांचा चेहरा तापला. म्हणाले, मी गोळी वाढवतो, पण परत चक्कर येऊन विळीवर पडल्या तर जबाबदारी तुमची. मी म्हटलं, जबाबदारी आमचीच आहे, म्हणून केसपेपर द्या. केसपेपर घेऊन बाहेर पडलो. त्यांना त्या क्षणी फक्त एवढं म्हणता आलं असतं, की चुकलं, यात काहीतरी आहे, पुढे दाखवा. आम्ही हात जोडले असते. माणूस चुकतो. पण आकडा समोर असताना स्वतःच्या खुर्चीचा मान आधी, बाई नंतर?

आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला गुजरातेत वापीला जातात. आम्हीही निघालो. हायवेला अच्छाडच्या चेकनाक्यावर ट्रकांची रांग लागलेली, आमची गाडी तिच्यात अडकली. पुढे रस्ता मोकळा, मागे तुंबलेलं सगळं. दीर घाम पुसत होते. जाऊबाई खिडकीतून ट्रकांच्या पाठीवरच्या ओळी वाचत बसल्या होत्या.

वापीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने केसपेपर बाजूला ठेवला आणि म्हणाली, “मासी, बेउ हाथ आपो.”

जाऊबाईंनी दोन्ही हात पुढे केले, कासारापुढे बसल्यासारखे. “बांगड्या भरते की काय ही?” त्या माझ्या कानात पुटपुटल्या. डॉक्टरीण दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून, डोळे मिटून बसली. मग दोन्ही हातांचं प्रेशर घेतलं. मग डावा हात वर करून मूठ उघडझाप करायला लावली. जाऊबाई थोड्याच वेळात म्हणाल्या, “लागली भूक.” डॉक्टरिणीला त्याचा अर्थ सांगावा लागला. तो ऐकल्यावर ती हसली नाही. तिने ते लिहून घेतलं.

मग तिने अर्धं गुजराती, अर्धं हिंदी करत आम्हाला समजावलं. हाताला रक्त नेणारी मोठी नळी गळ्याच्या हाडाखालून जाते. डाव्या बाजूची ती नळी आतून अरुंद झालीय. म्हणून हातापर्यंत दाब पोचतच नाही. डाव्या हाताचा आकडा हा त्या अडलेल्या नळीच्या पलीकडचा आकडा. शरीराचं खरं प्रेशर उजव्या हातातलं. दोन्ही हातांत फरक आला तर मोठा आकडा खरा धरायचा. आणि हाताने जोरात काम केलं की त्याला रक्त कमी पडतं, मग तो मानेतून मेंदूकडे जाणारं रक्त खाली ओढून घेतो. म्हणून चक्कर.

“म्हणजे माझ्या हातात अच्छाडचा नाका झालाय,” जाऊबाई म्हणाल्या.

“आणि डोक्याच्या वाट्याचं हात पळवतो,” दीर म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा बायकोच्या हाताकडे बघत होते.

पुढचं डॉक्टरिणीने हळू सांगितलं. नळी हाताची अरुंद झाली म्हणजे ती तेवढीच झाली असं नसतं. रक्त सगळीकडे एकच आहे, नळ्याही एकमेकींच्या बहिणी. म्हणून असा फरक दिसला की हृदय बघायचं, मान बघायची. हातातला फरक ही हाताची गोष्ट नसते, ती आतून आलेली सूचना असते.

सूचना. आणि ती दर महिन्याला येत होती. उजव्या हातावर येऊन उभी राहत होती, आणि तिथे विचारायला कुणी नव्हतं.

तपासण्या झाल्या. मानेतली नळीही थोडी अरुंद. हृदयाची भिंत जाड झालेली. दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलून ढकलून ती अशी होते, डॉक्टरिणीने सांगितलं. झटका आला नव्हता. दीर म्हणाले, देवाची कृपा. मी म्हटलं, देवाचीच, कारण आपल्या दवाखान्याने झटका यायची सोय पूर्ण करून ठेवली होती. गोळी कापून, वर मीठ घालून.

गोळ्या बदलल्या, रक्त पातळ राहायची एक वाढली, नळीत फुगा घालायचं ते गरज पडली तर बघू म्हणाले. मीठ कमी. रोजची तंबाखूची मशेरी बंद. मीठ सुटलं, मशेरी सुटता सुटेना. जाऊबाई आठवडाभर घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दिरांनी गंमत म्हणून विचारलं, “काय गं, हाताला भूक लागते का?” त्या म्हणाल्या, “तोंडाला लागलीय. तुम्हाला खाऊ का?” पण सोडली. नारळ खवायचं काम दिरांकडे गेलं. ते अजून उजव्या हाताने खवतात आणि अर्धं खोबरं करवंटीला सोडतात.

हृदयाची जाड झालेली भिंत पूर्ण पहिल्यासारखी होणार नाही, असं वापीला सांगितलं. त्या आता वाडीच्या टोकापर्यंत जाऊन मध्ये थांबतात, चिकूच्या बुंध्याला टेकतात. विचारलं तर म्हणतात, “झाड बघतेय.” शिबिरानंतरच्या त्या दोन वर्षांत प्रेशर ताब्यात राहिलं असतं तर त्यांना झाड बघायला थांबावं लागलं असतं का, हे कुणी मला सांगणार नाही.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यानंतर त्यांना ताप आला. वापी तापासाठी लांब पडते, जवळचा दवाखाना तोच. गेलो. पाऱ्याचं मशीन जाऊन बटणाचं आलं होतं. टेबल तेच, काका तेच. जाऊबाई स्टुलावर बसल्या, तोच काका उजव्या बाजूला आले. मला वाटलं, चला, शिकले.

“तुमचा उजवा. केसपेपरवर लिहिलंय लाल पेनाने,” काका अभिमानाने म्हणाले. “तुमची केस स्पेशल.”

पट्टा सुटला, जाऊबाई उठल्या. पुढची बाई तलासरीकडच्या डोंगराळ भागातली, मजुरीला आलेली. बसता बसता सांगत होती, सारखं डोकं फिरतं. काका फिरून तिच्या डाव्या बाजूला गेले.

“काका,” मी म्हटलं, “हिचा उजवा?”

“हिला काय झालंय? ही साधी केस.”

“साधी आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“अहो बाई, सगळ्यांचे दोन-दोन हात घेत बसलो तर दुपार होईल.”

मला राग आला. एका बाईला लाल पेनाने अपवाद करून यांनी नियम जसाच्या तसा जपून ठेवला होता. जाऊबाईंची केसही कुणीतरी दुसरा हात मोजेपर्यंत साधीच होती ना? केस स्पेशल आहे की साधी, हे पहिल्यांदा दोन्ही हात मोजल्याशिवाय कळायचं कसं? हे सगळं मला म्हणायचं होतं. त्याआधीच जाऊबाई, अंगात ताप, माझा खांदा धरून उभ्या, काकांना म्हणाल्या, “घ्या की तिचा उजवा.”

“दवाखाना तुमचा की आमचा, वहिनी?”

“दवाखाना तुमचाच. हात तिचा आहे.”

त्या बाईला काही कळलं नाही, पण ती हसली आणि तिने उजवा हात पुढे केला. काकांनी डावा मोजला, मग कुरकुरत उजवा मोजला. आकडा जवळजवळ सारखाच निघाला.

“बघा!” काका म्हणाले. “उगाच.”

“उगाच कसं?” जाऊबाई म्हणाल्या. “आता कळलं ना, सारखा आहे.”

काका बडबडत पट्टा गुंडाळायला लागले. बाकावर बसलेल्या पुढच्या बाईने तोवर दोन्ही बाह्या वर सारल्या होत्या.